बचाव डोक्याचा, भिस्त गुडघ्यांवर

प्रतिनिधी, डोंबिवली

डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या जलद लोकलमध्ये ज्याला बसण्यास जागा मिळालेली नाही आणि ज्याचा हात वरच्या कडीपर्यंतही पोहोचत नाही, असा सराईत प्रवासी तोल कसा सांभाळतो, हे निरखण्यासारखे असते. तो पाय जुळवून उभा राहत नाही. एक पाऊल किंचित पुढे, दुसरे किंचित मागे ठेवतो. गुडघे ताठ ठेवत नाही. गाडीने रूळ बदलले किंवा मोटरमनने अचानक ब्रेक लावला, की धक्का त्याच्या गुडघ्यांत आणि खुब्यांत जिरतो. खांदे आणि मान जागच्या जागी राहतात. नवखा प्रवासी मात्र ताठ पायांनी उभा राहतो, धक्का बसताच कंबरेतून पुढे कलंडतो आणि शेजाऱ्याच्या अंगावर जातो.

मुष्टियुद्धातील बचावाचे बरेचसे शास्त्र या दोन प्रवाशांमधील फरकात सामावलेले आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा चुकविण्यासाठी डोके हलवावे लागते, हे खरे. परंतु डोके हलविण्याचे काम मानेचे नव्हे आणि कंबरेचेही नव्हे. ते पावलांचे, गुडघ्यांचे आणि खुब्यांचे आहे. ही गोष्ट ज्याला पहिल्या काही महिन्यांत उमगते तो खेळाडू पुढे टिकतो. ज्याला उमगत नाही, त्याच्या डोक्यावर नको तितके ठोसे बसत राहतात.

मुलाला अथवा मुलीला बॉक्सिंगच्या वर्गाला घालावे की नाही, या विचारात असलेल्या पालकांच्या मनात पहिली भीती डोक्याला होणाऱ्या इजेचीच असते. ती भीती निराधार नाही. मात्र तिचे उत्तर ‘हेल्मेट घातले की झाले’ इतके सोपे नाही. मूल ठोसा किती जोरात मारते यापेक्षा ते उभे कसे राहते आणि सरकते कसे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

खेळ जुना, नियम नवे

मुंबई परिसराला मुष्टियुद्ध नवे नाही. बॉम्बे प्रेसिडेन्सी अॅमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशनची स्थापना १९२५ मध्ये झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० मध्ये मुंबईच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. अलीकडच्या काळात महाराष्ट्राच्या मुलींनी या खेळात लक्षणीय यश मिळविले. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमधील किल्त्से येथे झालेल्या युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरील गटात, तर पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये स्पेनमधील ला न्युसिया येथे ५२ किलो गटात सुवर्णपदक पटकावले. एक अवजड गटातील, दुसरी हलक्या गटातील. वजन कितीही असो, तोल सांभाळण्याचे नियम दोघींनाही सारखेच लागू होतात.

बचावाचे महत्त्व वाढण्यास २०१३ मधील दोन बदल कारणीभूत ठरले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत पंच बटण दाबून लागलेले ठोसे मोजत असत. २०१३ पासून ही पद्धत मागे पडली. फेरी जिंकणाऱ्यास दहा गुण व हरणाऱ्यास त्याहून कमी, अशी पद्धत आली. स्पष्ट लागलेल्या ठोशांबरोबरच तंत्र आणि डावपेचांतील वर्चस्वही विचारात घेतले जाऊ लागले. साहजिकच, ठोसा चुकवून तत्काळ उत्तर देणाऱ्या खेळाडूची छाप पंचांवर अधिक पडते.

दुसरा बदल डोक्यावरील संरक्षक कवचाचा, म्हणजे हेडगार्डचा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून सक्तीचे असलेले हेडगार्ड वरिष्ठ पुरुष गटासाठी २०१३ मध्ये काढून टाकण्यात आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष खेळाडू त्याविना रिंगमध्ये उतरले. महिलांसाठी ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही कायम होते. हेडगार्डमुळे भुवई फुटणे, कान सुजणे यांसारख्या जखमा निश्चितच कमी होतात. पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. त्यासाठी ठोसा लागूच न देणे किंवा निदान तो अर्धवट लागेल असे करणे, हाच उपाय उरतो.

पवित्रा: इमारतीचा पाया

उजव्या हाताचा खेळाडू साधारणपणे डावे पाऊल पुढे आणि उजवे मागे ठेवतो. दोन पावलांमधील अंतर खांद्यांच्या रुंदीइतके किंवा त्याहून किंचित अधिक असते. दोन्ही पावले एका सरळ रेषेत मात्र नसावीत. तशी ती आल्यास बाजूने लागलेल्या हलक्या धक्क्यानेही तोल जातो. मागच्या पायाची टाच जमिनीपासून किंचित उचललेली असते. दोन्ही गुडघे सैल, भार दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा, हनुवटी छातीकडे झुकलेली, कोपरे बरगड्यांना लागून आणि मुठी गालांच्या उंचीवर असतात.

यामागील पदार्थविज्ञान शाळेतील पुस्तकातलेच आहे. कोणत्याही वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा तिच्या पायाच्या क्षेत्रात पडते तोवर ती वस्तू उभी राहते. माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या खाली, ओटीपोटाच्या भागात असतो. गुडघे वाकविल्याने तो खाली येतो, पाय फाकविल्याने पाया रुंदावतो. याउलट कंबरेतून पुढे वाकल्यास डोके व खांद्यांचा मोठा भार बोटांच्याही पुढे जातो आणि रेषा पायाबाहेर पडू लागते. तोल सावरण्यातच क्षण निघून जातो आणि तेवढ्यात पुढचा ठोसा येतो.

येथे महाराष्ट्रातील मुलांची एक विशेष अडचण लक्षात घ्यावयास हवी. तालमीत घडलेला मुलगा कुस्तीच्या पवित्र्यात स्वाभाविकच पुढे झुकतो, कारण त्याला पाय वाचवायचे असतात. मुष्टियुद्धात पाय धरावयास कोणी येत नाही. पुढे झुकलेला चेहरा मात्र खालून वर येणाऱ्या ठोशासाठी, म्हणजे अपरकटसाठी, आयताच सापडतो. तालमीने दिलेली मांड्यांची आणि मानेची ताकद जपावी, वाकण्याची सवय तेवढी सोडावी.

पावले जुळू नयेत, ओलांडू नयेत

बचावाचा सर्वांत सुरक्षित प्रकार म्हणजे ठोसा पोहोचणारच नाही इतके अंतर राखणे. त्यासाठी पावलांचा एक साधा नियम आहे. ज्या दिशेला जायचे त्या दिशेचे पाऊल आधी उचलावे आणि दुसरे तितकेच मागून सरकवावे. पुढे जाताना पुढचे आधी, मागे जाताना मागचे आधी. डावीकडे डावे, उजवीकडे उजवे. प्रत्येक हालचालीनंतर दोन पावलांमधील अंतर होते तेवढेच राहिले पाहिजे.

खो-खो खेळलेली मुले येथे हमखास चुकतात. साखळी पद्धतीने पळणारा खेळाडू बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जाताना पायात पाय ओलांडत वळतो, हुलकावणी देतो. तेथे ते कौशल्य ठरते, कारण त्याला केवळ स्पर्श टाळायचा असतो. रिंगमध्ये पाय ओलांडले गेले त्या क्षणी पाया एका रेषेइतका अरुंद होतो आणि हलका ठोसाही माणसाला खाली बसवतो. खो-खोने दिलेली चपळाई आणि समोरच्याच्या अंगाचा कल ओळखण्याची नजर मात्र अनमोल आहे.

सरळ रेषेत मागे हटत राहणे ही आणखी एक सामान्य चूक होय. रिंग आतून चौरस असून मोठ्या स्पर्धांत तिची प्रत्येक बाजू ६.१ मीटर असते. मध्यभागी उभ्या असलेल्या खेळाडूच्या पाठीला तीन-चार पावलांतच दोर लागतात. म्हणून एक-दोन पावले मागे घेताच बाजूला निघावे. यासाठी ‘पिव्हट’ उपयोगी पडतो. पुढच्या पायाचा चवडा कंपासच्या टोकाप्रमाणे रोवून मागचे पाऊल फिरविले, की शरीर प्रतिस्पर्ध्याच्या रेषेतून बाहेर पडते आणि त्याला नव्याने वळावे लागते.

युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोने २००८ आणि २०१२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. त्याच्या वडिलांनी, जे त्याचे प्रशिक्षकही होते, लहानपणी त्याला काही काळ बॉक्सिंगपासून दूर ठेवून लोकनृत्य शिकावयास पाठविले होते. पावलांना ताल आणि तोल यांची शिस्त लागावी, हा त्यामागील हेतू.

डोके हलते, पण ढळत नाही

अंतर राखूनही ठोसा आलाच, तर डोके बाजूला घ्यावे लागते. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार ‘स्लिप’. सरळ येणारा ठोसा कानाजवळून निघून जाईल इतकेच डोके बाजूला न्यायचे. हे अंतर काही इंचांचे असते. मान वाकवून ते साधू नये. उजवीकडे स्लिप करताना उजवा गुडघा किंचित वाकतो, भार उजव्या पायावर येतो, खुबे आणि खांदे एकत्र उजवीकडे वळतात आणि त्यांच्यासोबत डोके जाते. डावीकडे जाताना हेच उलट घडते आणि मागच्या पायाची टाच बाहेर फिरते. नाक दोन गुडघ्यांच्या दरम्यान राहिले तर हालचाल बरोबर. ते गुडघ्याबाहेर गेले तर तोल गेलाच म्हणून समजावे.

दुसरा प्रकार ‘डक’, म्हणजे ठोशाखाली बसणे. तो उठाबशीच्या पहिल्या टप्प्यासारखा आहे. पाठ सरळ ठेवून गुडघे आणि खुबे एकाच वेळी दुमडायचे, डोके सरळ खाली जाऊ द्यायचे, नजर समोरच्याच्या छातीवर ठेवायची. कंबरेतून वाकणाऱ्याला जमीन दिसते, प्रतिस्पर्धी दिसत नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या कंबरपट्ट्याखाली धोकादायक रीतीने डोके नेणे नियमबाह्य आहे.

तिसरा प्रकार ‘रोल’ किंवा ‘वीव्ह’. बाजूने फिरत येणाऱ्या ठोशाला, म्हणजे हुकला, तो उपयोगी पडतो. प्रतिस्पर्ध्याचा डावा हुक आपल्या उजव्या बाजूने येतो. अशा वेळी भार डाव्या पायावर घेऊन खाली बसायचे, ठोशाखालून भार उजव्या पायावर न्यायचा आणि उजवीकडे वर यायचे. डोक्याचा मार्ग पसरट वाटीच्या कडेसारखा होतो. ठोसा जिकडून आला तिकडेच बाहेर पडायचे, हे सूत्र. ठोशाच्याच दिशेने पळू पाहणाऱ्याला तो गाठतो.

मागे रेलून ठोसा चुकविण्याची महंमद अलीची पद्धत पाहण्यास मोहक असली, तरी नवशिक्यांनी तिच्या वाटेस जाऊ नये. मागे रेलताना हनुवटी वर उचलली जाते, भार टाचेवर जातो आणि दुसरा ठोसा आला तर आणखी मागे जाण्यास जागा उरत नाही. अलीला ते साधले ते असामान्य वेगामुळे. वेग ओसरल्यावर, १९७४ मध्ये किन्शासा येथे जॉर्ज फोरमनविरुद्ध त्याला दोरांना रेलून ठोसे झेलत लढावे लागले. तो लढत जिंकला. परंतु कारकिर्दीच्या उत्तरार्धात असंख्य आघात सोसलेल्या या खेळाडूला १९८४ मध्ये पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले.

या तिन्ही हालचाली लहान असाव्यात, यालाही कारण आहे. डोळ्यांनी पाहून शरीराने प्रतिसाद देण्यास माणसाला साधारणतः सेकंदाचा पाचवा भाग लागतो. जवळून मारलेला सरळ ठोसा त्याच सुमारास येऊन थडकतो. मूठ निघाल्यावर विचार करणाऱ्याला वेळ पुरणे शक्य नाही. म्हणून अनुभवी खेळाडू मुठीकडे न पाहता छाती व खांद्यांकडे पाहतो, कारण मूठ निघण्यापूर्वी खांदा बोलतो. हालचाल जितकी लहान, तितकी ती वेळेत पूर्ण होण्याची शक्यता अधिक.

लहान हालचालीचा दुसरा लाभ प्रतिहल्ल्यात मिळतो. उजवीकडे स्लिप केल्यावर भार उजव्या पायावर साठतो आणि उजव्या हाताचा ठोसा आपोआप सज्ज होतो. डावीकडे गेल्यावर डावा हुक. चांगला बचाव हा ताणलेल्या धनुष्यासारखा असतो. कंबरेतून वाकलेल्याला मात्र आधी सरळ व्हावे लागते आणि मग मारावे लागते.

हात आणि श्वास

पाय व धड आपले काम करीत असताना हातांनी दरवाजा बंद ठेवावा लागतो. सरळ ठोसा तळहाताने किंचित बाजूला ढकलण्यास ‘पॅरी’ म्हणतात. हात पुढे जाऊन ठोसा पकडू लागला, की चेहरा उघडा पडतो. म्हणून तो चेहऱ्याजवळच थांबून ठोशाला दिशा द्यावी. पोटाकडे येणारा ठोसा हात खाली नेऊन अडवू नये. गुडघे किंचित वाकवून कोपरच खाली न्यावे, मूठ गालाशीच राहू द्यावी. यकृत उजव्या बरगड्यांखाली असते आणि तेथे लागलेला डावा हुक भल्याभल्यांना गुडघ्यावर आणतो. उजवे कोपर शरीराला लागून ठेवण्याचे महत्त्व त्यामुळेच.

श्वास कोंडून ठेवल्यास स्नायू आखडतात आणि दम लवकर जातो. प्रत्येक हालचालीबरोबर नाकातून छोटा श्वास सोडावा. गमशील्डवर दात घट्ट मिटलेले असावेत, कारण उघड्या जबड्यावर बसलेला ठोसा जबड्याला आणि मेंदूलाही अधिक इजा करतो.

मेंदूचा हिशेब

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. हनुवटीच्या टोकावर बाजूने ठोसा बसला, की डोके मानेभोवती झटक्याने फिरते. कवटी फिरते, मेंदू किंचित मागे राहतो आणि त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात. सरळ धक्क्यापेक्षा असा फिरवणारा धक्का अधिक घातक मानला जातो. न दिसलेला ठोसा सर्वांत वाईट, कारण मानेचे स्नायू आवळून धरण्यास अवधीच मिळत नाही. हनुवटी खाली आणि नजर समोर, हा आग्रह त्यासाठीच असतो. खाली पाहत वाकणारा खेळाडू तो नियम नकळत मोडत असतो.

अमेरिकेतील न्यू जर्सीचे डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच वारंवार डोक्यावर ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केले होते. एका मोठ्या आघाताइतकाच लहान-लहान आघातांचा साठत जाणारा परिणामही धोक्याचा आहे, हे आता सर्वमान्य आहे. हे आघात केवळ स्पर्धेत नव्हे, तर सरावातील लढतीतही, म्हणजे स्पारिंगमध्येही बसतात. उत्तम तंत्राने धोका कमी होतो. तो शून्य होत नाही, हे पालकांनी आणि खेळाडूंनी स्पष्टपणे जाणून घ्यावे.

डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, चक्कर, उलटी, धूसर दिसणे, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा विसरायला होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्या दिवशी खेळ तेथेच थांबवावा, डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांच्या परवानगीशिवाय पुन्हा रिंगमध्ये उतरू नये. वारंवार उलट्या, शुद्ध हरपणे किंवा वाढत जाणारी डोकेदुखी असल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

सराव घरातही शक्य

बचावाच्या सरावास ना बॅग लागते ना जोडीदार. शहरातील लहान सदनिकेतही तो करता येतो. फरशीवरील दोन लाद्यांमधील सांधा ही मध्यरेषा मानावी. एक पाऊल तिच्या एका बाजूस व दुसरे दुसऱ्या बाजूस ठेवून पुढे-मागे सरकावे. एकही पाऊल रेषा ओलांडता कामा नये. गॅलरीत कपडे वाळत घालण्याची दोरी खांद्याच्या उंचीवर बांधून तिच्याखालून डावी-उजवीकडे रोल करीत पुढे जावे. पायमोज्यात टेनिसचा चेंडू घालून तो छतापासून कपाळाच्या उंचीवर टांगावा आणि झोके घेणारा चेंडू स्लिप करून चुकवावा. आरशासमोर हे करताना हनुवटी उचलली जाते का आणि पाठ वाकते का, एवढ्या दोनच गोष्टी तपासाव्यात. तीन मिनिटे सराव, एक मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या प्रारंभी पुरेशा आहेत. गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पालकांनी काय विचारावे?

- प्रत्यक्ष स्पारिंग सुरू होण्यापूर्वी पवित्रा, पावले आणि बचाव यांवर किती आठवडे दिले जातात?
- सुरुवातीच्या सरावात डोक्यावर जोराने मारण्यास मनाई आहे का?
- स्पारिंगसाठी वय, वजन आणि अनुभव पाहून जोड्या लावल्या जातात का?
- मानेचे, मांड्यांचे आणि पोटाचे व्यायाम नियमित घेतले जातात का?
- डोक्याला मार लागलेल्या मुलाला किती दिवस दूर ठेवले जाते आणि परत घेण्याचा निर्णय कोण घेते?

पहिल्याच दिवशी ग्लोव्ह चढवून बॅगवर ठोसे मारावयास मिळाले, तर मूल खूश होते. पहिले काही आठवडे केवळ उभे राहणे आणि सरकणे शिकविणारा प्रशिक्षक त्याला कदाचित कंटाळवाणा वाटेल. पालकांनी निवड करताना या दुसऱ्या प्रशिक्षकाकडे कल ठेवावा. ठोसा मारण्याची हौस मुलांना उपजतच असते. गुडघे सैल ठेवून, हनुवटी खाली घेऊन, समोर पाहत उभे राहण्याची सवय मात्र लावावी लागते. आणि संकटाच्या क्षणी तीच कामास येते.